लांबची लेन्स

आमच्या घरात कॅमेरा आला त्या दिवशी मी भांडण काढलं होतं. मला आधी राग येतो आणि मग कळतं, हा माझा जन्माचा स्वभाव. पण त्या दिवशी राग यावा असंच होतं. कॅमेरा म्हणजे नुसतं खोकं. पुढं जिथं लेन्स असते तिथं भोक, आणि त्या भोकाला माझ्या खणाची चिंधी बांधलेली. कुणा इंजिनिअरनं तो रशियाहून आणला होता. लेन्सला बुरशी धरली म्हणून त्यानं ती टाकून दिली आणि उरलेलं धूड आमच्या ह्यांच्या गळ्यात मारलं. आमचे हे खुशीत घरी आले. मी म्हटलं, "उद्या चाकं नसलेली सायकल आणा, परवा दोर नसलेला पाळणा आणा."

ह्यांचं नाव वीरभद्रप्पा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, पण आता या वयात मला कोण अडवतंय! कचेरीत टंकलेखक होते. हात मशीनवर आणि मन भलतीकडं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता, माणसं पुन्हा नीट जेवायला लागली होती, आणि ह्यांना फोटोग्राफीचं खूळ लागलं होतं. म्हणजे लोकांना वाटायचं खूळ. मला मात्र खरी गोष्ट माहीत होती. ह्यांना जगातला दुसरा कुठलाच फोटो काढायचा नव्हता, फक्त अव्वाचा काढायचा होता.

अव्वा म्हणजे माझी सासू, ईरम्मा. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली आमची सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणायची, तशी मीही. अव्वाचा एकही फोटो नव्हता. त्याचं कारण भिंतीवर होतं. माझे सासरे तरणेबांड असताना गड्ड्याच्या जत्रेत गेले, पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून ऐटीत फोटो काढून आले आणि त्याच उन्हाळ्यात पटकीनं गेले. हे तेव्हा पाळण्यात होते. अव्वाच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं की माणूस त्या डब्यानं नेला. लग्नकार्यात कुणी कॅमेरा काढला की ती पदर ओढून स्वयंपाकघरात शिरायची. नातवाच्या बारशालाही फोटोवाला गेल्यावरच बाहेर आली.

आणि ह्यांचं पाहा. ह्यांच्यासाठी वडील म्हणजे तोच फोटो. दुसरं काही नाहीच, ना आवाज, ना वास, ना हाताचा मार. एकदा मी भिंत सारवताना फोटो उतरवून ठेवला, तर हे कचेरीतून आल्या आल्या त्या मोकळ्या खिळ्याकडं बघत उभे राहिले. म्हणाले, "त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं म्हणून बरं. मी कुठंही बसलो तरी माझ्याकडं बघतात." मग म्हणाले, "अव्वा गेली तर मला कोण बघणार?" एका फोटोपायी आई घाबरून बसलेली आणि त्याच फोटोपायी लेक वेडा झालेला. मी मध्ये सापडले होते.

लेन्स घ्यायला मी बरोबर होते. नव्या पेठेत मानसिंगचं कॅमेऱ्याचं दुकान होतं, दुरुस्तीचं आणि जुन्या मालाचं. माणूस बोलघेवडा, आल्यागेल्याला चहा पाजणारा. त्यानं काचेवर फडकं अंथरून तीन लेन्स मांडल्या. एक आखूड, एक मधली आणि एक हातभर वाटावी अशी लांब, दोनशे मिलिमीटरची. तो म्हणाला, "आखुडीत सगळी खोली मावते. मधलीत माणूस जसाच्या तसा. आणि हिच्यातनं लांबचं जवळ येतं. घेऊन बघा की, बघायला काय जातंय?"

हे तिन्ही लावून बघत बसले. मलाही बघू दिलं. लांबची डोळ्याला लावली तर रस्त्यापलीकडं बसलेल्या फुलवालीच्या नाकातली चमकी दिसली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता, तोही दिसला. मी खुळ्यासारखी हसले. बाईला पत्ताच नव्हता, आपल्या नादात गजरा गुंफत होती. ते बघून ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"हीच द्या," हे म्हणाले.

"पहिलीच लेन्स का?" मानसिंगनं विचारलं. "काय काढायचंय तुमाला? वाघ?"

"आई."

मानसिंग हसला, मग ह्यांचा चेहरा बघून थांबला. म्हणाला, "मग मधली न्या की साहेब. आई काय पळून जातीय व्हय?"

"पळूनच जाते," हे म्हणाले.

मानसिंग शेवटी दुकानदार, त्यानं फार हुज्जत घातली नाही. सांगायचं ते सांगितलं, की ही लेन्स आठ फुटांच्या आतलं काही धरत नाही, उजेड लई खाते, आणि हात हलला की फोटो हलला. लांबची घेतली की जवळचं सुटतं. दोन्ही पाहिजे असेल तर दोन लेन्स घ्या. पण आम्हाला एकच झेपणार होती. हे म्हणाले, "जवळनं ती कधी काढूच देणार नाही. मला लांबचीच पाहिजे." त्या वेळी मला ते पटलं होतं. आजही, त्या दिवसापुरतं, पटतं.

आमच्या दारासमोर धोंडप्पाचं घर. त्याचं माळवद आमच्या ओट्याच्या बरोबर समोर. सकाळचं कोवळं ऊन आमच्या ओट्यावर यायचं आणि अव्वाची सगळी कामं तिथंच चालायची. ज्वारी निवडायची, शेंगा फोडायच्या, वाती वळायच्या. आंघोळ झाली की इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ती तिथंच पूजेला बसायची आणि नजर लावून त्याच्याकडं बघत राहायची. हे रविवारी धोंडप्पाच्या माळवदावर चढायचे आणि वाळत घातलेल्या मिरच्यांच्या मागं पालथे पडायचे. कचेरीतला माणूस, अंगात बनियन, कोपरं मातीनं भरलेली. धोंडप्पाची बायको मला म्हणायची, "तुज्या मालकाला काय झालंय गं? मिरच्या राखाय ठेवलंय का त्येला?"

पहिला रोल धुऊन आला. अर्धे फोटो हललेले, अव्वाला चार-चार कान. दुसऱ्या रोलात हात बसला. अव्वा स्पष्ट आली, अगदी कपाळावरचं भस्म, हातावरचं गोंदण, सगळं. मी म्हटलं, "छान आलंय की!" पण हे पुन्हा पुन्हा तेच फोटो चाळत राहिले. मग मला दिसलं. सुपात बघणारी अव्वा. वातीकडं बघणारी अव्वा. तळहातावरच्या लिंगाकडं बघणारी अव्वा. एकाही फोटोत डोळे नाहीत, नुसत्या पापण्या.

मला राग आला. म्हटलं, "चोरून काढल्यावर ती तुमच्याकडं बघेल कशी? ती तुम्हाला बघत नाही म्हणूनच तर तुम्हाला तिला बघता येतंय." हे म्हणाले, "एकदा वर बघू दे. एकदाच." आणि पुढच्या रविवारी ह्यांनी तो खुळेपणा केला. माळवदावरून हाक मारली, "अव्वाऽ!"

अव्वानं वर बघितलं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिनं कपाळावर हात आडवा धरला. मग मिरच्यांच्या मागं तिला ते लांबलचक काळं नळकांडं दिसलं, आणि त्याच्या मागं तिचा लेक. तिनं सूप उचललं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. त्या फोटोत एक हात आणि त्याची सावली आली, बाकी काही नाही.

अव्वा चिडली असती तर बरं झालं असतं. मी तर चिडणारी बाई, मला चिडलेली माणसं समजतात. तिनं फक्त ओटा सोडला. सूप, वाती, पूजा, सगळं मधल्या खोलीत हलवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. वर एक झरोका, त्यातून दुपारी वहीएवढा उजेड पडायचा. ह्यांनी पाय धरले. "अव्वा, बाहेर बस, मी पुन्हा नाही काढणार." ती म्हणाली, "न्हाय यप्पा, हितंच बरं हाय. ऊन सोसंना आता." यप्पा म्हणजे लाडानं बापा म्हणण्यासारखं. हाक तीच होती, पण ती ओट्यावर परत आली नाही.

त्या थंडीत तिला धाप लागायला लागली. आधी चालताना, मग बसल्या बसल्या. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले हृदय थकलंय, हलवू नका, जिना नको, उठबस नको. मधल्या खोलीतच बाज टाकली. एका बाजूला धान्याची कणगी, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये मी कशीबशी उभी राहायची. अव्वा चार उशांना टेकून अर्धवट बसलेली असायची, आडवं पडलं की जीव गुदमरायचा.

एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. हे जेवायला घरी आलेले. अव्वा एकदम म्हणाली, "त्येला म्हनावं तो डबा आन."

मला कळलंच नाही. "कुठला डबा?"

"फोटूचा. काढ म्हनावं माजा."

हे दारात उभे होते. मला वाटलं हे आनंदानं उडी मारतील, पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "अव्वा, तुला भीती वाटती ना?"

"आता कसली भीती? आता मला कोन नेनार हाय त्याच्यात?" ती दम घेत घेत बोलत होती. "तू ल्हान व्हतास तवा भाकरीचा तुकडा न्यून त्या फोटूफुडं धरायचास. 'खा, बाबा, खा' म्हनायचास. मी चुलीम्होरं बसून बघायची आन रडायची. मला वाटायचं, मेल्या माणसाची सवय लागली पोराला. आता वाटतंय, तेवडं तरी व्हतं की तुला. मी तर तुला तेवडंबी ठिवंना झाले." मग म्हणाली, "चोरून नगं काढू. मी बगती तुज्याकडं. हितं म्होरं ये, तुजं तोंड दिसू दे."

हे धावत जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि खोलीच्या उंबऱ्यातच थांबले. मला तेव्हा लेन्सचं काही सुचलं नव्हतं. ह्यांना सुचलं होतं.

हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. डोळ्याला कॅमेरा लावला, लेन्सचं कडं फिरवलं. पुन्हा फिरवलं. कणगीवर चढून बघितलं. उंबऱ्याबाहेर गेले तर बाज दिसेना, कारण बाज दाराच्याच भिंतीला लागून होती. बाज ओढावी म्हणून मी पायाकडून आणि ह्यांनी उशाकडून धरलं, तेवढ्या हिसक्यानं अव्वा कळवळली. आम्ही सोडून दिलं. अख्ख्या खोलीत आठ फूट जागा नव्हती. माळवदावरून गल्लीपलीकडची आई जी लेन्स हाताशी आणून द्यायची, तिला हाताशी असलेली आई दिसेना.

आणि अव्वा बघत होती. आयुष्यभर कॅमेरा चुकवलेली ती बाई, पदर नीट करून, मान सरळ धरून, धाप दाबून, एकटक त्या काळ्या नळकांड्याकडं बघत होती. मी ह्यांना खुणावत होते, काहीतरी करा. ह्यांचा डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला. हे कडं फिरवतच होते.

"काढलास का?" अव्वानं विचारलं.

ह्यांनी बटण दाबलं. खट्ट आवाज झाला.

"आले का मी?"

"आलीस, अव्वा," हे म्हणाले. "लई छान आलीस."

अव्वा हसली आणि मागं टेकली. हे बाहेर आले, स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभे राहिले आणि तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून रडले. म्हणाले, "नुसतं धुकं दिसत होतं गं. त्या धुक्यालाच 'लई छान' म्हणालो." मी म्हटलं, "रडू नका, मानसिंगकडं जा, ती दुसरी लेन्स उसनी आणा. कसली का असेना. पळा."

सायकल काढली आणि हे गेले. मानसिंग जेवायला घरी गेला होता. हे त्याचं घर शोधत गेले. त्यानं बिचाऱ्यानं ताट बाजूला सारलं, येऊन दुकान उघडलं आणि मधली लेन्स ह्यांच्या हातात ठेवली. हे परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पण अव्वाचे डोळे मिटले होते. श्वास चालू होता, हाक ऐकू जात नव्हती. हे मधली लेन्स लावून बाजेशेजारी बसून राहिले. "अव्वा, आता बघ. अव्वा, आता येतंय बघ." आता सगळं स्पष्ट दिसत होतं, ती बघत नव्हती तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळभर भस्म लावून, मांडी घालून बसवतात, फुलांनी सजवतात आणि बसलेलंच नेतात. अव्वाला तसं बाहेर ओट्यावर बसवलं. नातेवाईक गोळा झाले. भावकीतल्या कुणीतरी म्हटलं, "वीरभद्रा, कॅमेरा हाय न्हवं तुज्याकडं? काढ की शेवटचा." सगळे तेच म्हणायला लागले. मला वाटलं हे नाही म्हणतील. पण गल्लीत माणसांची दाटी, जवळून काढायला जागाच नाही. हे निमूटपणे धोंडप्पाच्या माळवदावर गेले आणि ती लांबची लेन्स लावली. ऊन स्वच्छ होतं. अव्वा हलत नव्हती. कुणीही फोटो काढणाऱ्यानं मागावं ते सगळं त्या दिवशी ह्यांना मिळालं होतं. तो फोटो इतका सुरेख आला की मला त्याचा तिरस्कार वाटला.

सोलापुरात तेव्हा सिद्राम पेंटर होता. गेलेल्या माणसांचे फोटो त्याच्याकडं जायचे. तो बारीक कुंचल्यानं त्या फोटोतले मिटलेले डोळे उघडून द्यायचा, म्हणजे वर डोळे रंगवायचा. घरोघर असे फोटो असायचे, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. माझी नणंद, आमची अक्का, अक्कलकोटला दिलेली. तिला खबर उशिरा पोचली, अव्वाचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. तिनं निरोपावर निरोप धाडले, "अव्वाचा फोटू डोळं उघडून करून ठेवा, मी महिन्याच्या पूजेला येती." तिच्यासाठी आम्ही सिद्रामकडं गेलो.

सिद्रामनं फोटो उजेडात धरला. म्हणाला, "काम सोपं हाय. डोळं कसं व्हतं म्हातारीचं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बारीक का मोठं? बुबुळ काळं का घारं? दुसरा एखादा फोटू असंल की."

ह्यांनी पिशवीतून ते माळवदावरचे फोटो काढून दिले. सिद्रामनं एकेक बघितला आणि परत केला. "ह्यात न्हायत." मी मध्ये पडले. सांगायला लागले, तपकिरी होते, थोडे खोल, हसली की बाहेरच्या कडेला घड्या पडायच्या. सिद्राम म्हणाला, "वयनी, बोलून डोळं काढता येत न्हायत. लेकरांपैकी कुणाचं तिच्यावर गेलेत का?" आणि तो ह्यांच्याकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "ह्यांचेच." सगळे तसंच म्हणायचे. खोटं नव्हतं.

सिद्रामनं ह्यांना स्टुलावर बसवलं. "हिकडं बघा. माझ्याकडं. हलू नका." हे बसले. सिद्राम एकदा ह्यांच्याकडं बघायचा, एकदा फोटोकडं, आणि कुंचल्याचं टोक टेकवायचा. हे पापणी न लववता बसले होते, डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, आणि सिद्राम मायेनं म्हणत होता, "पुसू नका साहेब, वाईच कळ काढा, झालंच."

महिन्याच्या पूजेला अक्का आली. चप्पल काढायच्या आधीच भिंतीकडं धावली. अव्वा भिंतीवरून बघत होती, दोन्ही डोळे उघडे, थोडे ओले वाटावेत असे. सिद्रामचं काम चोख होतं. अक्का फोटोला कवटाळून रडली. "अव्वाऽ, कशी बघती बघा माज्याकडं! वीरा, अरे हितं उबा राहा. तुज्याकडंबी बघती." तिनं ह्यांना दंडाला धरून फोटोसमोर उभं केलं. मग रडून रडून तिचं मन हलकं झालं, डोळे पुसले, चहा मागितला. कितीतरी दिवसांनी घरात कुणी चहा मागितला होता.

मी चहाचं आधण ठेवत होते. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. अक्काला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले.

"त्या दुपारी ती माझ्याकडं बघत होती ना?"

"होय की. टक लावून बघत होती."

"तू बघितलंस."

"मी बघितलं."

"मी कॅमेऱ्यात बघत होतो," हे म्हणाले. "त्यात दिसत नव्हती. कॅमेरा बाजूला केला असता तर समोरच होती गं."

मी चुलीकडं पाठ केली. मी ह्यांचा हात धरला आणि चुलीवरचं आधण उकळून उकळून आटून गेलं.